दोन दिवसांत एक अणू : रेमंड डेव्हिस यांची तीस वर्षांची मोजणी

शाळेच्या भिंतीवरील सुविचारांत 'प्रयत्नांती परमेश्वर' हा सुविचार बहुधा असतोच. थोर शास्त्रज्ञांची चरित्रे सांगतानाही आपण त्याच अर्थाचे काही सांगत असतो. त्यांनी एक स्वप्न पाहिले, अडचणी आल्या, पण त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि शेवटी यश मिळाले. ही गोष्ट खोटी नसते, पण अपुरी असते. आयुष्यभर चिकाटी धरूनही ज्यांचे म्हणणे शेवटी टिकले नाही, अशी माणसेही विज्ञानात होऊन गेली आहेत. त्यामुळे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपली ती चिकाटी आहे की नुसताच हट्ट आहे, हे त्या वेळी कसे ओळखायचे?", तर त्याला द्यायला आपल्याजवळ उत्तर हवे.

हे उत्तर शोधण्यासाठी रेमंड डेव्हिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचे काम फार उपयोगी आहे. त्यांनी सुमारे तीस वर्षे एकच गोष्ट मोजली. पहिल्यापासून त्यांचे उत्तर अपेक्षित उत्तराच्या साधारण एक तृतीयांश येत राहिले. ते बरोबर होते हे सिद्ध व्हायला २००१-०२ साल उजाडावे लागले.

सूर्याच्या पोटातील बातमी

सूर्य का तळपतो, हे आपण इयत्ता नववी-दहावीत शिकवतो. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून हेलियमचे एक केंद्रक बनते आणि थोड्या वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते. हान्स बेथे आणि इतर शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस हे गणित मांडले. पण हे सर्व सूर्याच्या पोटात घडते आणि आपल्याला दिसतो तो केवळ त्याचा पृष्ठभाग. गाभ्यात निर्माण झालेली ऊर्जा पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षे घेते. वाटेत ती असंख्य वेळा शोषली जाते आणि पुन्हा बाहेर टाकली जाते, त्यामुळे गाभ्याची थेट बातमी तिच्यात उरत नाही.

या क्रियेत आणखी एक कण बाहेर पडतो. त्याचे नाव न्यूट्रिनो. त्याला विद्युतभार नसतो आणि पदार्थाशी त्याची आंतरक्रिया जवळजवळ होतच नाही. म्हणून तो गाभ्यातून सरळ निघतो, दोन-तीन सेकंदांत सूर्याबाहेर पडतो आणि सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सूर्याचे सुमारे ६,००० कोटी न्यूट्रिनो आरपार जातात. दिवसा ते वरून येतात आणि रात्री पृथ्वी ओलांडून खालून येतात! त्यांतील काही जरी पकडता आले, तरी सूर्याच्या पोटात आत्ता काय चालले आहे ते कळेल. हेच डेव्हिस यांचे स्वप्न होते.

अडचण उघड आहे. जो कण पृथ्वी सहज ओलांडतो, तो आपल्या उपकरणात का म्हणून अडकेल? १९३० मध्ये या कणाची कल्पना मांडणारे वोल्फगांग पाउली यांनाही तो कधी पकडता येईल असे वाटत नव्हते. फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीजवळ प्रयोग करून त्याचे अस्तित्व दाखवले, ते १९५६ साली.

वाचनालयात सापडलेला प्रश्न

डेव्हिस यांचा जन्म १९१४ चा. १९४२ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते १९४८ मध्ये ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथील रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुखांना त्यांनी विचारले, "मी काय काम करू?" प्रमुखांनी त्यांना वाचनालयात जाऊन स्वतःला आवडेल असा विषय शोधायला सांगितले. तेथे न्यूट्रिनोविषयीचा एक आढावा लेख त्यांच्या हाती पडला. या क्षेत्रात फारसे काही झालेले नव्हते आणि करण्यासारखे पुष्कळ होते.

न्यूट्रिनो पकडण्याची एक रासायनिक युक्ती ब्रुनो पोन्तेकोर्वो यांनी १९४६ मध्ये सुचवली होती. क्लोरिन-३७ या समस्थानिकाच्या केंद्रकावर न्यूट्रिनो आदळला आणि आंतरक्रिया झाली, तर केंद्रकातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. म्हणजे अणुक्रमांक १७ चा १८ होतो आणि क्लोरिनच्या जागी आर्गॉन-३७ तयार होतो. आर्गॉन हा निष्क्रिय वायू असल्यामुळे तो कोणाशी संयोग पावत नाही आणि द्रवातून बाहेर काढता येतो. शिवाय आर्गॉन-३७ किरणोत्सारी आहे. त्याचा अर्धायुष्यकाल ३५ दिवसांचा असल्याने त्याचे क्षय होणारे अणू एकेक करून मोजता येतात.

डेव्हिस यांनी ब्रुकहेवनच्या अणुभट्टीजवळ सुमारे ३,९०० लिटरची टाकी ठेवून सुरुवात केली. न्यूट्रिनोमुळे झालेला आर्गॉन काही सापडला नाही. त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. अणुभट्टीतून प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात आणि ते क्लोरिनचे आर्गॉनमध्ये रूपांतर करीत नाहीत. याच कामावरून त्यांनी सूर्याच्या न्यूट्रिनोंच्या संख्येवरही एक वरची मर्यादा घातली. पण ती इतकी मोठी होती की त्यांच्या निबंधाच्या परीक्षकाने टोमणा मारला. डोंगरावर उभे राहून चंद्राकडे हात उंचवायचा आणि चंद्र डोंगरमाथ्यापासून आठ फुटांहून दूर आहे असा निष्कर्ष काढायचा, तसा हा प्रकार आहे, अशा आशयाचे ते शब्द होते. टीका बोचरी होती, पण मुद्दा बरोबर होता. हात फारच तोकडा होता आणि तो लांब करायला हवा होता.

सोन्याच्या खाणीतील टाकी

हात किती लांब हवा, याचे गणित जॉन बाकॉल या तरुण सैद्धान्तिक शास्त्रज्ञाने केले. सूर्याच्या गाभ्यात बोरॉन-८ पासून निघणारे अधिक ऊर्जेचे न्यूट्रिनो क्लोरिनमध्ये पूर्वीच्या अंदाजाच्या सुमारे वीसपट सहज पकडले जातील, हे त्यांनी १९६३ मध्ये दाखवले. १९६४ मध्ये बाकॉल यांचे गणित आणि डेव्हिस यांचा प्रयोगाचा आराखडा असे दोन निबंध एकाच नियतकालिकात शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले.

अमेरिकेच्या साउथ डाकोटा राज्यात लीड या गावी होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती. तेथे जमिनीखाली १,४७८ मीटर खोलीवर दालन खोदून त्यात सुमारे ६ मीटर व्यासाची आणि साडेचौदा मीटर लांबीची पोलादी टाकी बसवण्यात आली. तिच्यात ३ लाख ८० हजार लिटर, म्हणजे ६१५ टन टेट्राक्लोरोएथिलीन भरले. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपड्यांचे डाग काढण्यासाठी वापरला जाणारा हाच तो द्रव! स्वस्त आणि क्लोरिनने भरलेला.

इतक्या खोल जायचे कारण वैश्विक किरण. जमिनीवर या किरणांमुळेच इतका आर्गॉन तयार झाला असता की सूर्याचा वाटा त्यात हरवून गेला असता. वरचा दीड किलोमीटर खडक हे किरण अडवतो. याच काळात भारतातही असे काम चालू होते. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा नोंदवल्या. जगातील अशा पहिल्या नोंदींमध्ये तिची गणना होते.

होमस्टेकच्या टाकीतून दर दोन-तीन महिन्यांनी आर्गॉन काढला जाई. द्रवातून हेलियम वायू खेळवायचा, म्हणजे तो आर्गॉनला बरोबर घेऊन येतो. मग हे मिश्रण द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या कोळशातून न्यायचे, म्हणजे आर्गॉन कोळशात अडकतो. शेवटी तो शुद्ध करून बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा गणकनळीत भरायचा आणि क्षयाची स्पंदने कित्येक महिने मोजत राहायचे.

आता आकडे पाहा. टाकीत क्लोरिन-३७ चे सुमारे २२ वर २९ शून्ये इतके अणू होते. बाकॉल यांच्या गणिताप्रमाणे त्यांतून दिवसाला आर्गॉनचे दीड-दोन अणू तयार व्हायला हवे होते. प्रत्यक्षात सापडत होता साधारण दोन दिवसांत एक. आर्गॉनचा क्षय होत असल्यामुळे कितीही दिवस थांबले तरी टाकीतील त्याची संख्या पंचविसाच्या पुढे जात नाही. म्हणजे ६१५ टन द्रवातून प्रत्येक वेळी जेमतेम पंधरा-वीस अणू वेचून आणायचे होते!

तांदळातले खडे

१९६८ मध्ये पहिले निकाल प्रसिद्ध झाले आणि वाद सुरू झाला. अपेक्षा आणि मोजणी जुळत नव्हती. याची तीनच कारणे संभवत होती. मोजणी चुकली असेल, सूर्याचे गणित चुकले असेल, किंवा न्यूट्रिनोविषयीची आपली समजूत चुकली असेल. बहुतेकांचा संशय पहिल्या दोन कारणांवर होता. भौतिकशास्त्रज्ञांना सूर्याच्या गणितावर विश्वास नव्हता आणि एवढ्या द्रवातून पंधरा अणू वेचले जातात यावरही अनेकांचा विश्वास बसत नव्हता.

घरी तांदूळ निवडताना सहा खडे सापडले, तर तांदळात सहाच खडे होते की अठरांपैकी बारा नजरेतून सुटले, हे कसे ठरवायचे? 'मी नीट पाहिले' हे उत्तर पुरेसे नाही. पण आधी मोजून दहा खुणेचे खडे मिसळले आणि त्यांतील किती परत मिळतात हे पाहिले, तर निवडणाऱ्याची नजर किती तयार आहे ते आकड्यात सांगता येते.

डेव्हिस यांनी हेच केले. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ते टाकीत किरणोत्सारी नसलेला थोडा आर्गॉन मोजून सोडत आणि त्यातील किती परत आला हे पाहत. सुमारे ९५ टक्के परत येई. टीकाकारांच्या सूचनेवरून त्यांनी टाकीत किरणोत्सारी आर्गॉनचे अवघे ५०० अणू सोडले आणि तेही परत मिळवून दाखवले. न्यूट्रॉनांच्या साहाय्याने टाकीतच आर्गॉन निर्माण करून तो बाहेर येतो की नाही, हेही तपासले. १९७० मध्ये स्पंदाची केवळ ऊर्जाच नव्हे, तर त्याचा चढ किती वेगाने होतो हेही नोंदणारी नवी यंत्रणा बसवली. त्यामुळे खरी स्पंदने आणि खोटी स्पंदने वेगळी काढणे सोपे झाले. भोवतालच्या खडकातून येणारे न्यूट्रॉन अडावेत म्हणून टाकीभोवतीचे दालन पाण्याने भरले. या पाण्यात पोहणाऱ्या डेव्हिस यांचे १९७१ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे.

या सगळ्या तपासण्यांनी एवढेच सिद्ध झाले की मोजणी विश्वसनीय आहे. आकडा मात्र एक तृतीयांशच राहिला. डेव्हिस यांनी तो वर ढकलण्याचा प्रयत्न केला नाही, तसेच सूर्याचे गणित चुकले आहे असे जाहीर करण्याची घाईही केली नाही. १९८४ मध्ये, वयाच्या सत्तरीत, ते ब्रुकहेवनमधून निवृत्त झाले आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जाऊन त्यांनी काम चालू ठेवले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर टाकीचे पंप निकामी झाल्याने मोजणी काही काळ थांबली, नंतर ती पुन्हा सुरू झाली. १९७० ते १९९४ या काळात अशा १०८ फेऱ्या झाल्या. दुसरीकडे बाकॉल आपले गणित पुन्हा पुन्हा तपासत होते. सूर्याच्या पृष्ठभागावरील कंपनांवरून त्याच्या अंतर्भागातील ध्वनीचा वेग काढता येतो. १९९०च्या दशकात तो गणिताशी हजारात एक-दोन भागांपर्यंत जुळला. म्हणजे सूर्याचे गणितही बरोबर होते.

तिसरा संशयित

आता उरला न्यूट्रिनो. न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत : इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. सूर्यात फक्त इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो तयार होतात आणि क्लोरिनही त्यांनाच पकडते. वाटेत त्यांचा प्रकार बदलत असेल तर? ही शक्यता ग्रिबोव्ह आणि पोन्तेकोर्वो यांनी १९६९ मध्येच मांडली होती. पण त्यासाठी न्यूट्रिनोला थोडे तरी वस्तुमान असावे लागते आणि तेव्हा ते शून्य मानले जाई.

जपानमधील कामिओकांडे प्रयोगाने १९८९ मध्ये वेगळ्या पद्धतीने मोजणी केली. तेथेही न्यूट्रिनो कमीच भरले आणि ते सूर्याच्याच दिशेने येतात हेही दिसले. पुढे गॅलियम वापरणाऱ्या दोन प्रयोगांतही तूट आढळली. सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनो प्रकार बदलतात याचा पुरावा दिला. सूर्याच्या न्यूट्रिनोंचा निकाल लागला तो कॅनडातील सडबरी येथे. तेथे खाणीत सुमारे दोन किलोमीटर खोलीवर १,००० टन जड पाणी ठेवले होते. जड पाण्यातील एक आंतरक्रिया फक्त इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंमुळे घडते, तर दुसरी तिन्ही प्रकारांमुळे. २००१ आणि २००२ मध्ये या प्रयोगाचे निकाल आले. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो सुमारे एक तृतीयांश होते आणि तिन्ही प्रकारांची बेरीज बाकॉल यांच्या गणिताशी जुळली. डेव्हिस यांचा आकडा बरोबर होता, बाकॉल यांचाही बरोबर होता. न्यूट्रिनो वाटेत रूप बदलत होते.

२००२ च्या नोबेल पारितोषिकाचा एक वाटा डेव्हिस यांना मिळाला. समारंभाच्या वेळी ते ८८ वर्षांचे होते. स्मृतिभ्रंशाच्या आजारामुळे त्यांचे व्याख्यान त्यांच्या मुलाने दिले. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. सडबरीचे आर्थर मॅकडोनाल्ड आणि सुपर-कामिओकांडेचे ताकाकी काजिता यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

चिकाटी आणि हट्ट

याच काळातील दुसरे उदाहरण शेजारी ठेवून पाहू. मेरीलँड विद्यापीठाचे जोसेफ वेबर यांनी गुरुत्वीय लहरी पकडण्याचे स्वप्न पाहिले आणि त्यासाठी ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांची उपकरणे बनवली. १९६९ मध्ये त्यांनी लहरी सापडल्याचे जाहीर केले. इतर अनेक गटांनी तशीच उपकरणे बांधली, पण त्यांना काही आढळले नाही. वेबर २००० मध्ये वारले, तोपर्यंत ते आपल्या दाव्यावर ठाम होते. गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष सापडल्या २०१५ मध्ये, लायगो उपकरणांत, आणि त्या वेबर यांच्या दंडगोलांना जाणवणे शक्य नव्हते इतक्या क्षीण होत्या. अशी उपकरणे बांधता येतील ही वाट वेबर यांनी दाखवली, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांची मेहनत आणि चिकाटी डेव्हिस यांच्यापेक्षा कमी होती असे कोणी म्हणणार नाही.

मग फरक कोठे पडला? आम्हाला तो असा दिसतो. डेव्हिस यांनी आपल्या आकड्यावर शंका घेण्याची साधने स्वतःच उभारली आणि विरोधकांनी सुचवलेली परीक्षाही स्वीकारली. त्यांचा आग्रह होता तो मोजणी चोख असण्याचा. ती अमुकच यावी असा त्यांचा आग्रह नव्हता. उद्या सूर्याचे गणित चुकीचे ठरले असते, तरी त्यांचा आकडा उपयोगी पडला असता आणि खगोलशास्त्रज्ञांनी त्यावरून आपले गणित सुधारले असते. उत्तर कोणत्याही बाजूने लागले तरी केलेले काम टिकेल अशी त्याची आखणी होती. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आम्ही हेच उत्तर देऊ. आपण चुकत असू तर ते आपल्याला कळेल, अशी काही सोय आपण केली आहे का? केली असेल तर ती चिकाटी. केली नसेल तर कितीही वर्षे गेली तरी तो हट्टच.

तरीही मुलांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशी चोख चिकाटी धरणाऱ्या प्रत्येकाला नोबेल मिळत नाही. सडबरीचे जड पाणी उपलब्ध झाले नसते, तर डेव्हिस यांना उत्तर न कळताच जावे लागले असते. चिकाटीने यश मिळेलच असे वचन आपण देऊ शकत नाही. चोख काम वाया जात नाही, एवढे मात्र खात्रीने सांगू शकतो.

वर्गात करण्यासारखे

दोन छोटे उपक्रम सुचवतो. पहिला तांदळाचा. एका गटाने एक किलो तांदळात मोजून लहान खडे मिसळावेत. शिवाय भिंगाखालीच दिसेल असा बारीक ठिपका दिलेले दहा खडे टाकावेत. दुसऱ्या गटाने ठरावीक वेळात तांदूळ निवडावा. ठिपक्याच्या दहांपैकी आठ परत मिळाले आणि बिनठिपक्याचे २४ मिळाले, तर मूळ खडे सुमारे ३० असावेत. मग पहिल्या गटाने खरा आकडा सांगावा. डेव्हिस यांच्या परतावा-परीक्षेचे तत्त्व मुलांच्या हाती येईल.

दुसरा लंबकाचा. गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ यायला हवे हे मुलांना आधीच माहीत असते. एखाद्याचे १०.९ आले की प्रयोगवहीत तो वेळ थोडी 'दुरुस्त' करून ९.८ लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. हे आपल्या बहुतेक शाळा-महाविद्यालयांत चालते. त्याऐवजी त्याला १०.९ च लिहू द्यावे आणि २० आंदोलनांऐवजी ४० आंदोलने मोजायला सांगावे. आता मूल्य १०.३ च्या आसपास आले, तर मोजणी 'शून्या'ऐवजी 'एक' पासून सुरू होते आहे, हे त्याचे त्यालाच उमगेल. कारण वीसच्या जागी एकोणीस आंदोलने मोजल्याने होणारी चूक चाळीसच्या जागी एकोणचाळीस मोजल्याने निम्मीच राहते. पुस्तकातले उत्तर न पाहताही ही चूक शोधता येते.

पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून घेण्याची सवय शाळेतच लागली, तर एक तृतीयांश आलेला आकडा पुढे कोणी तीस वर्षे जपून ठेवणार नाही. १०.९ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या आणि ते का आले याचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला गुण द्यायचे की नाही, हे शिक्षकांच्याच हाती आहे.